शिसवी आणि आंबा: दागिन्यांच्या पेटीसाठी ही जोडी घ्यावी का?

घ्यावी. गडद आणि फिक्या, दोन्हीकडे नक्षी असलेल्या लाकडांची याहून चांगली जोडी आपल्याकडच्या वखारीत सहजी मिळत नाही. मेपल आणि अक्रोड मागवता येतात, पण एवढ्याशा पेटीसाठी तो खर्च कशाला? या जोडीबद्दल तक्रार एकच आहे, आणि ती मोठी आहे: दोन लाकडं जिथे मिळतात तिथे शिसवीचा रंग आंब्यात उतरतो. कामाचा सगळा क्रम त्याभोवती आखावा लागतो.

आधी शिसवी. दुकानात 'शिसम' या नावाखाली दोन वेगळी लाकडं विकली जातात. उत्तरेकडून येणारं सोनेरी-तपकिरी असतं. सह्याद्रीकडची शिसवी जांभळट-तपकिरी, काळ्या रेषांची आणि हाताला जड. आंब्याशेजारी दुसरीच उठून दिसते. फळीच्या कडेला पिवळट-पांढरा पट्टा असेल तर तेवढं लाकूड मोजून वजा करा. काहींना तो पट्टा शोभेसाठी ठेवावासा वाटतो, पण घुण नेमका तिथेच लागतो. ओल्या फडक्याने फळी पुसून बघितली की पॉलिशनंतरचा रंग कळतो. दुकानदाराने एवढं करू दिलं नाही तर दुसरी वखार बघावी.

आंब्याचं लाकूड खोक्यांचं आणि जळणाचं म्हणून हिणवलं जातं, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. जुन्या झाडाच्या बुंध्यात, फांदी फुटते त्या बेचक्याजवळ, रेषा लाटांसारख्या वळलेल्या सापडतात. कापून पडून राहिलेल्या ओंडक्यात बुरशीमुळे काळ्या बारीक रेघांची नक्षी उतरते. ही नक्षी घेताना खिळा टोचून बघा. तो सहज रुतला तर लाकूड कुजलंय, फळी कितीही देखणी असो. भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर कीड जिवंत आहे, तीही नको. चांगली फळीसुद्धा प्रक्रिया केल्याशिवाय वापरू नये: लिटरभर कोमट पाण्यात 20 ग्रॅम बोरिक अॅसिड आणि 30 ग्रॅम टाकणखार विरघळवून फळी त्यात बुडवावी आणि मग सावलीत पूर्ण वाळवावी. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की फळी तयार.

250 × 160 × 90 मिलिमीटरच्या पेटीला शिसवीची 25 मिलिमीटर जाड, 100 रुंद आणि निदान 500 लांब फळी पुरते. ती वखारीतल्या बँडसॉवर उभी चिरून दोन पातळ फळ्या करून घ्याव्यात आणि रंधून 10 मिलिमीटरवर आणाव्यात. एकाच लांब फळीतून चार बाजू ओळीने कापल्या तर तीन कोपऱ्यांवर रेषा जुळतात, चौथ्यावर तुटते. चिरलेल्या जोडीच्या आतल्या बाजू बाहेर करून प्रत्येकीतून एक लांब आणि एक आखूड बाजू घेतली की चारही कोपऱ्यांवर रेषा वळून पुढे जाते. झाकणाची आंब्याची पाटीही अशीच चिरून, पुस्तक उघडल्यासारखी मधोमध जोडावी. लाटांची नक्षी खरी खुलते ती तिथेच.

कोपऱ्यांचा 45 अंशांचा जोड दिसायला सोपा, पण हिशेब निर्दयी आहे. आठ कापांत प्रत्येकी अर्धा अंश चुकला की शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उरते. करवतीवरच्या खुणेवर विसंबू नका; दोन रद्दी तुकडे जोडून गुण्या लावून बघा. चारही बाजू बाहेरची तोंडं वर करून सरळ रेषेत मांडायच्या, जोडांवर मास्किंग टेप ओढून लावायची, मग सगळं उलटवून खाचांत गोंद भरायचा आणि पेटी दुमडायची. टोकाकडचे तंतू गोंद शोषून घेतात, म्हणून आधी एक पातळ हात द्यावा आणि पाच मिनिटांनी दुसरा. शिसवी तेलकट असते. गोंदाच्या लगेच आधी जोडाच्या पृष्ठभागावरून अॅसिटोनचं फडकं फिरवलं नाही तर जोड पुढे उकलू शकतो. साधा पांढरा सुतारी गोंद इथे पुरेसा आहे, जलरोधक घेतला तरी चालेल.

एवढ्यावर कोपरा टिकत नाही. 45 अंशांत खाच पाडून त्यात आंब्याच्या 3 मिलिमीटर जाड पाचरी बसवाव्या लागतात, आणि पाचरीचे तंतू कोपऱ्याला आडवे जायला हवेत. उभे गेले तर ती बोटानेही मोडते. झाकण पेटी बंद चिकटवून मगच कापायचं असतं, म्हणून पाचरींच्या जागा ठरवताना त्या कापाची रेषा सोडून ठेवा.

झाकणाच्या पाटीला गोंद लावणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. 150 मिलिमीटर रुंद आंब्याची पाटी पुण्याच्या एप्रिलपासून कोकणातल्या जुलैपर्यंत साधारण पावणेदोन मिलिमीटर फुगू शकते. चारही बाजूंनी चिकटवली तर पेटीचे कोपरे फोडेल, नाहीतर स्वतः चिरेल. 5 मिलिमीटर खोल खाचेत मोकळी सोडायची. उन्हाळ्यात बनवत असाल तर रुंदीच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर जागा. पाटीला पॉलिश आधीच करून घ्या. नाहीतर हिवाळ्यात ती आक्रसली की कडेने कोरी पट्टी डोकावते.

आता ती मोठी तक्रार. शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचं पॉलिश बोळ्याने चोळलं की पाचरींवर जांभळट डाग पसरतात, आणि अॅसिटोननेही हेच होतं. घासतानाही शिसवीचा भुसा आंब्याच्या रंध्रांत बसतो. उपाय: काचकागद कमी, धारदार स्क्रॅपर (लाकूड खरवडायची पोलादी पाती) जास्त, भुसा फडक्याने पुसायचा नाही, हवेने उडवायचा. पहिले दोन हात बोळ्याने नव्हे, फवाऱ्याने, अगदी पातळ. ते सुकले की रंग कोंडला जातो आणि पुढे बोळा बिनधास्त चालवा. पाण्यावर आधारित लॅकर वापरलं तर हा त्रास बराच कमी होतो, पण लाखेची ऊब त्याला येत नाही. लाटांच्या आंब्यावर रंधा चालवताना तंतू उपटतात, तिथेही स्क्रॅपरच. दोन्ही लाकडांच्या भुशाला मास्क हवा. शिसवीचा भुसा काहींच्या कातडीलाही सोसत नाही.

प्लायवर अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावून पैसे वाचवण्याचा सल्ला मिळेल. पाटीवर ठीक, पण कडांवर काचकागदाच्या चार फेऱ्यांतच खालचा प्लाय दिसतो.

बाजारातल्या बिजागऱ्या या पेटीचा सगळ्यात लंगडा भाग आहेत. लोहचुंबक जवळ न्या. चिकटलं तर लोखंडावर पितळेचा मुलामा आहे. 25 मिलिमीटरची भरीव पितळी घ्या, पण तिचे स्क्रू मऊ असतात आणि शिसवीत सरळ पिळले तर मान मोडते. भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे करा, मग मेण लावून पितळी.

आत तेलाचं पॉलिश नको, बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने राहतो. तिथे लाखच. अस्तर सुती मखमलीचं असू द्या. लोकरीच्या नमद्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मखमल थेट लाकडाला न चिकटवता पुठ्ठ्यावर ताणून पुठ्ठा आत बसवला तर पुढे बदलता येते.

परदेशातल्या नातेवाइकांना पेटी पाठवणाऱ्यांसाठी: शिसवी आणि तिच्या डालबर्जिया गटातली बहुतेक लाकडं 2017 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वस्तूंना एका पाठवणीत 10 किलो लाकडापर्यंत सूट मिळते, आणि ही पेटी त्यात आरामात बसते. सुट्या फळ्यांना मात्र ती सूट नाही.