गुरुवारची बैठक: सिगारेट सोडायची असेल तर एकदा जाऊन बसा

भोसरी एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी, म्हणून बैठकही गुरुवारीच. संध्याकाळी सहा ते साडेसात. दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खोली आहे, तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा आणि भिंतीवर फळा. पैसे घेत नाहीत, फॉर्म भरून घेत नाहीत. सिगारेट, बिडी, तंबाखू, गुटखा, मिश्री, ज्याला जे सोडायचंय ते सोडायला आलेली माणसं बसतात आणि तीच बोलतात. डॉक्टरबाई महिन्यातून एखाद्या वेळी वर येतात, औषधाचं कुणी विचारलं तर सांगतात आणि खाली पेशंट बघायला जातात.

नेमका पत्ता इथं टाकत नाही. येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी माहीत नाही, काहींच्या कंपनीत माहीत नाही, आणि तसंच राहावं असं त्यांना वाटतं. पण बैठकीत काय होतं ते सविस्तर लिहितो. तुमच्या भागात अशी सोय असेल, तर ती कामाची आहे की नाही हे ओळखायला उपयोग होईल.

मी टूलरूमला सरफेस ग्राइंडरवर असतो. आयटीआयपासूनची सवय. पाळी सुरू व्हायच्या आधी एक, चहाला एक, डबा खाल्ल्यावर एक, आणि जॉब रिजेक्ट झाला की मग मोजदादच नाही. सोडायची कशी यावर सल्ला देणारे भरपूर भेटले. एका कंपनीत तर त्यासाठी व्याख्यान ठेवलं होतं. काळ्या पडलेल्या फुप्फुसांचे फोटो पडद्यावर दाखवले, टाळ्या झाल्या, बिस्किटाचे पुडे वाटले. ते फोटो आम्ही रोज बघतोच. एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या चित्रांनीच भरलेला असतो. भीती कुणाला कमी होती असं नाही. दुपारी चारला, हात आपोआप खिशाकडं जातो तेव्हा काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं.

गुरुवारच्या बैठकीची सुरुवातच तिथून होते. पहिला प्रश्न असतो: या आठवड्यात सगळ्यात अवघड वेळ कुठली गेली? किती दिवस झाले, हे कुणी विचारत नाही. अवघड वेळ विचारतात आणि ती फळ्यावर लिहितात. वायरमन दादा म्हणतात, खांबावरून खाली उतरलो की. टेम्पोवाले काका म्हणतात, चाकणला तळेगाव चौकात गाडी अडकली की. रात्रपाळीचा सिक्युरिटीवाला पोरगा म्हणतो, पहाटे तीन वाजता. मिश्री सोडणाऱ्या मावशी म्हणतात, सकाळी उठल्या उठल्या, कारण लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. फळा भरतो. मग एकेक वेळ घेऊन विचारतात, ही वेळ आणखी कुणाची आहे आणि तुम्ही काय केलंत? तासभर हेच चालतं.

खोलीत सिगारेटवाले कमीच असतात. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले होते आणि धूर न काढता तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. खोलीतही साधारण तसंच चित्र दिसतं. सिगारेटवाल्यांचा वेगळा गट हवा, असं मध्यंतरी एकानं सुचवलं. मला ते पटत नाही. निकोटिन दोघांतही तेच, तलफही तीच. चुना मळायला हात शिवशिवतो आणि काडी पेटवायला शिवशिवतो, यात फरक कितीसा? उलट मावशींनी सांगितलेला उपाय मी घेतला. त्या सकाळी उठल्यावर आधी कोमट पाणी पितात आणि मगच बाकी सगळं. माझी सकाळची पहिली सिगारेट त्या पाण्यानंच मागं पडायला लागली.

आता या बैठकीची खरी कमाई काय, ते सांगतो. डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितलं होतं की झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, म्हणून त्याची पकड इतकी घट्ट. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, मग दोन ते चार आठवड्यांत शरीराची कुरकुर बरीच कमी होते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. हे सगळं खरं आहे आणि माहीत असलेलं बरं. पण वायरमन दादांनी सांगितलं, “तिसऱ्या दिवशी मी सासऱ्यांशी विनाकारण भांडलो. चौथ्या रात्री झोप लागली. पाचव्या दिवशी वरणाला वास आहे हे कळलं.” त्यानंतर माझा तिसरा दिवस आला तेव्हा मला ठाऊक होतं की हा तिसरा दिवस आहे, मी बिघडलेलो नाही. दादा माझ्यापेक्षा महिनाभरच पुढं होते. त्या महिनाभर पुढं असलेल्या माणसाइतकं उपयोगाचं दुसरं कुणी नाही, हे माझं ठाम मत झालंय. डॉक्टरांना शास्त्र माहीत असतं. ज्यांनी बारा वर्षांपूर्वी सोडली ते काका आमच्यात मानाचे आहेत, पण ते स्वतःच म्हणतात, “मला ते दिवस आता नीट आठवत नाहीत रे, याला विचार.” आणि बोट दाखवतात गेल्याच महिन्यात आलेल्या पोराकडं.

हे काका आधी दारूतून बाहेर आले, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना बसून. सिगारेट त्यांच्याकडून सगळ्यात शेवटी सुटली. त्यांनीच आम्हाला सांगितलं की १९३५ साली अमेरिकेत ती चळवळ ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतले बिल विल्सन दारूपासून शेवटपर्यंत दूर राहिले, पण सिगारेटनं फुप्फुसं निकामी होऊन १९७१ साली गेले. ज्या माणसानं एकमेकांच्या आधारानं व्यसन सोडायची वाट जगाला दाखवली, त्याच्या सिगारेटसाठी तेव्हा तसा आधार उभा नव्हता. निकोटिनसाठीच्या तशा बैठका अमेरिकेत १९८० च्या दशकात सुरू झाल्या. आपल्याकडं दारूसाठी पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे आणि सोडलेल्यांनी नव्यांना हात देण्याची रीत लोकांना माहीत झाली आहे. सिगारेटला मात्र अजून कुणी व्यसन म्हणूनच धरत नाही. “त्यात काय, मनात आणलं तर सुटेल,” एवढ्यावर विषय संपतो. काकांचं हे बोलणं मला फार लागलं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जोडी. नवीन माणसाला पहिल्या किंवा दुसऱ्या बैठकीत एक जोडीदार देतात आणि तो शक्यतो त्याच पाळीतला असतो. नियम एकच: फोन आधी, काडी नंतर. माझा जोडीदार शेजारच्या गाळ्यात फोर्जिंगला आहे. एकदा चार वाजता मी त्याला फोन केला.

“कुठंयस?”

“टपरीसमोर.”

“चहा घेतलास?”

“घेतला.”

“मग ग्लास ठेव आणि गेटकडं चालायला लाग. मी बोलतोय तोवर थांबायचं नाही.”

पुढं तो त्याच्या गावाकडच्या विहिरीचं काम कुठवर आलं ते सांगत बसला. गेट आलं, तलफ ओसरली. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन मला आला आणि तेव्हा विहिरीबद्दल मी विचारत गेलो. सिगारेटवर एक शब्दही न बोलता सिगारेट टळते, हे मी या माणसाकडून शिकलो.

टपरीचा प्रश्न खरा आहे. सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी सुटी मिळते हे सगळ्यांनाच माहीत आहे. एक सुटी मिळणं हाच सोडणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका, कारण पाकीट घ्यायला मन कचरतं, एकीला कचरत नाही. बैठकीतला सल्ला साधा आहे: पहिले दोन महिने चहाची जागा बदला. मी चहा कँटीनमध्ये घेतो. चव बेताची आहे, पण चालतंय.

निकोटिनच्या गोळीबद्दलही इथंच नीट कळलं. दोन मिलिग्रॅमची चघळायची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. बरेच जण ती च्युइंगगमसारखी कचाकचा चावतात, मग उचक्या लागतात, पोटात मळमळतं आणि “गोळी लागू पडत नाही” म्हणून सोडून देतात. टेम्पोवाल्या काकांनी सगळ्यांसमोर चावून दाखवली: दोन-चारदा सावकाश चावायची, जिभेला चरचर जाणवली की गालात सरकवून गप्प ठेवायची, चरचर गेली की पुन्हा चावायची. निकोटिन तोंडातल्या कातडीतून जातं, पोटातून नाही. आणि चहा-कॉफी पिऊन लगेच गोळी घ्यायची नाही, पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. पुड्यावर हे लिहिलेलं असतं. बघितल्याशिवाय समजत नाही, एवढंच.

मला सगळ्यात आवडतं ते घसरलेल्या माणसाशी वागणं. मागं एक जण चुलतभावाच्या हळदीत ओढून आला होता. खाली मान घालून सांगत होता. कुणी चुकचुकलं नाही आणि “असू दे रे” असंही म्हणालं नाही. फळ्यावर चार प्रश्न लिहिले: कुठं, किती वाजता, कुणाबरोबर, त्याच्या आधी काय झालं? तो सांगत गेला तसं निघालं की सकाळपासून जेवण नव्हतं, मामाशी पैशावरून बोलाचाली झाली होती आणि गच्चीवर गेला तेव्हा सगळेच ओढत होते. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की लग्नाच्या दिवशी तो जेवून जाईल, गच्चीवर जाणार नाही आणि रात्री नऊला जोडीदार फोन करेल. नऊला फोन झाला. तो पुढच्या गुरुवारी आला, त्यानंतरही येतोय.

फोनवरच्या सरकारी सेवेचंही सांगायला हवं, कारण सगळ्यांच्या जवळ बैठक नसते. १८००-११-२३५६ हा मोफत नंबर २०१६ पासून चालू आहे आणि २०१८ पासून पाकिटावरच छापलेला असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलचंही त्यात केंद्र आहे. मी मराठीत बोललो. बाईंनी घाई न करता सगळं विचारलं, सोडायची तारीख ठरवायला लावली आणि नंतर त्यांच्याकडूनच पुन्हा फोन आले. सुरुवात करायला उत्तम. ही सेवा सकाळी आठ ते रात्री आठ चालते, सोमवारी बंद असते. सिक्युरिटीवाल्या पोराची पहाटे तीनची वेळ त्यात बसत नाही, तिथं जोडीदारच लागतो.

आता जे कमी आहे ते. दुसऱ्या पाळीवाल्यांची गुरुवारची सुट्टी नसेल तर त्यांना बैठक गाठताच येत नाही. लिफ्ट नाही आणि ज्यांना दम लागतो त्यांनाच दोन जिने चढावे लागतात, हे चुकीचं आहे. फोनवरच्या ग्रुपमध्ये सकाळी इतकी फुलं आणि सुविचार येतात की कुणी खरोखर मदत मागितली तर ती खाली दबून जाते. एक-दोघे इच्छाशक्तीवर भाषण करतात, त्यांना वेळेत थांबवायला हवं.

पण खरी उणीव बायकांच्या बाबतीत आहे. मावशी मिश्रीवाल्या, वयानं मोठ्या, त्यांना सगळे मान देतात. हिंजवडीला कामाला असलेली एक मुलगी मात्र सिगारेट सोडायला आली होती. तिला कुणी वावगं बोललं नाही, पण ती बोलायला लागली तशी सगळी खोली तिच्याकडं टक लावून बघायला लागली. आमच्यापैकी कुणी बोलताना असं कधी होत नाही. ती परत आली नाही. ओढणाऱ्या बाईला सोडायचंय हे सांगायलाही आमच्या दुप्पट धीर लागतो आणि तो गोळा करून ती आली होती. मी हे चालवणाऱ्यांकडं बोललो. बायकांसाठी वेगळी वेळ किंवा निदान फोनवरची जोडी सुरू व्हायला हवी. अजून झालेली नाही. मी दर वेळी विचारत राहणार आहे.

तरीही माझ्याकडून पाचपैकी चार. छातीत दुखत असेल, थुंकीतून रक्त जात असेल, तोंडात न भरणारी जखम असेल तर आधी डॉक्टर, बैठक नंतर. बाकी कुणीही यावं. सोडलेली नसली तरी यावं, नुसतं ऐकलं तरी चालतं, पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नाही. बरेच जण पाकीट खिशात घेऊनच बसलेले असतात, तेही चालतं. फक्त सहाला वेळेवर पोचा, कारण फळा पहिल्या दहा मिनिटांत भरतो आणि तुमची अवघड वेळ त्यावर असायला हवी.