हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर: सात महिन्यांनंतर

सात महिने झाले वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. गाडी १९७४ ची जपानी ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, बरीच वर्षं उघड्यावर पडलेली. इंजिन फिरत होतं पण साइड कव्हरचा एक स्क्रू हलेल तर शपथ. बॅटरीवाल्या इम्पॅक्टबद्दल बोलत नाहीये हां, हा साधा जाड लोखंडी दांडा, पुढे बिट लावायचा आणि मागून हातोडी हाणायची. आत तिरप्या खाचा आणि स्प्रिंग असते, त्यामुळे घाव बसला की बिट स्क्रूत दाबलाही जातो आणि त्याच झटक्यात जरासा फिरतोही. सगळी मेख त्या दाबण्यात आहे. साध्या स्क्रूड्रायव्हरला जोर लावला की तो खाचेतून वर सटकतो आणि स्क्रूचं तोंड खाऊन टाकतो, इथे घावच त्याला खाली धरून ठेवतो.

सोबत आलेले बिट मात्र बाद. ते फिलिप्स, म्हणजे नेहमीच्या चौफुलीचे आहेत आणि जुन्या जपानी इंजिनाचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे, दिसायला जुळे भाऊ पण फिलिप्स त्यात पूर्ण खोल बसतच नाही. बऱ्याच जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, तो मला दिसला दोन स्क्रू गोल करून झाल्यावर! जेआयएस बिट वेगळे घेतले, खाचेत टाकून हलवून बघितलं तर अजिबात खडखड नाही, तेव्हा कळलं आधी काय चुकत होतं.

क्लचच्या बाजूला दहा स्क्रू, त्यातले नऊ सुटले. दहाव्याचं डोकं उडालं आणि चूक माझीच, ड्रायव्हरची फिरायची दिशा आवळायच्या बाजूला राहिली होती. मी चार-पाच सणसणीत घाव घातले, दर वेळी वाटतंय हलला हलला, प्रत्यक्षात मीच आवळत होतो. दांड्यावरची दिशेची खूण तेलकट हाताने पार पुसली गेलीये ही या टूलबद्दलची माझी मुख्य तक्रार, पांढऱ्या पेंटने स्वतः बाण काढून घेतला. आता आधी हाताने डावीकडे पिळून ताण देतो, अडलं की मगच हातोडी. डोकं उडालं म्हणून रडायचं मात्र काही कारण नव्हतं, कव्हर निघाल्यावर स्क्रूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बाहेर उभा होता, डोक्याखालचा ताण गेलेला, थोडं गरम करून व्हाइस ग्रिपने (लॉक होणारी पक्कड) धरला आणि गुपचूप बाहेर आला.

तेलाचं सगळेच विचारतात. डब्ल्यूडी-४० च्या नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, म्हणजे पाणी हाकलणं हे त्याचं मूळ काम, जाम आटे सोडवायला त्यासाठीच बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल बरं. मी अ‍ॅसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं निम्मं करून रात्रभर सोडत होतो (दोन्ही वेगळं होतं, दर वेळी हलवून घ्यायचं, आणि अ‍ॅसिटोन भडकतं म्हणून ते पूर्ण उडून गेल्याशिवाय गॅसची टॉर्च जवळ आणायची नाही). पण खरं सांगू का, अ‍ॅल्युमिनियमच्या केसमध्ये तेलाला श्रेय जरा जास्तच मिळतं. तिथे नुसता गंज नसतोच, स्टीलचा स्क्रू, अ‍ॅल्युमिनियमची केस आणि मध्ये ओल, यातून जी पांढरी भुकटी होते तीच आट्यांत घट्ट ठासून बसते. माझ्याकडे काम केलं ते उष्णतेने. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्क्रू नाही तर त्याच्या भोवतीची केस तापवायची. हॉट एअर गन, पाण्याचा थेंब टाकला की चर्रर्र झालं पाहिजे, मग लगेच ड्रायव्हर. नऊपैकी सहा तर दुसऱ्या-तिसऱ्या घावात आले.

एक्झॉस्टच्या स्टडला (बिनडोक्याचा आटेवाला दांडा) हा ड्रायव्हर उपयोगाचा नाही. एक स्टड तुटून दोनेक मिलिमीटर बाहेर राहिला होता, त्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारून घेतलं, थंड होऊ दिलं आणि पान्याने निघाला. इझी-आउट, म्हणजे तुटक्या स्क्रूत भोक पाडून आत उलटा पिळायचा कडक स्क्रू, घालायचा मोह झाला होता, बरं झालं नाही घातला, तो आत मोडला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

परत बसवताना सगळीकडे ॲलन बोल्ट आणि आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलं, ते लावलं की बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो म्हणून टॉर्क (आवळायचा जोर) जरा कमीच ठेवला. मागच्या आठवड्यात क्लच प्लेटसाठी तेच कव्हर उघडलं तर दहाच्या दहा हातानेच सुटले.

ड्रायव्हरची मागची बाजू आता छत्रीसारखी पसरलीये, कडेचे धारदार कंगोरे ग्राइंडरने काढावे लागले, ठोकताना चष्मा घालाच. आणि कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना हा चुकूनही लावू नका, ती बॉडी मऊ ओतीव धातूची, एका घावात कान तुटेल.