लसीचं कार्ड होतं, लस नव्हती

"अडीच महिन्यांचं आहे ताई, दोन डोस झालेत, आता एकच राहिलाय," असं म्हणत विकणाऱ्याने कुत्र्याचं पिल्लू माझ्या हातात दिलं आणि सोबत कार्ड. कार्डावर दोन तारखा, दोन स्टिकर, खाली सही. तारखा बघून मी निर्धास्त झाले. तिथेच चुकलं.

चौथ्या दिवशी पिल्लाने खाणं सोडलं. दुपारपर्यंत तीन उलट्या, संध्याकाळी रक्त पडायला लागलं. तो उग्र वास अजून माझ्या नाकातून जात नाही. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "जंत असतील, दोन दिवस वाट बघा." मी एक रात्र वाट बघितली. लहान पिल्लाच्या अंगातलं पाणी उलट्या-जुलाबांनी काही तासांत आटतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती वरच राहत होती, लगेच खाली बसत नव्हती.

डॉक्टरांनी चाचणी केली. पार्वो निघाला, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूचा आजार. त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून दाखवलं. दुधाच्या दाढा हिरडीतून नुकत्या डोकं काढत होत्या. म्हणजे वय जेमतेम सहा आठवडे. कार्डावरच्या पहिल्या डोसच्या तारखेला तर त्याचे डोळेही उघडले नसतील! मग कार्ड उजेडात धरलं. दोन्ही स्टिकर रंगीत झेरॉक्सचे, बॅच नंबरच्या शेवटच्या आकड्यावर दोन्हीकडे अगदी एकसारखा डाग. सहीखाली डॉक्टरांचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही.

पार्वोच्या विषाणूला थेट मारणारं हमखास औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, आणि पिल्लाची झुंज. माझं पिल्लू तिसऱ्या रात्री गेलं.

पिल्लू घेणार असाल तर पैसे देण्याआधी ते स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. कार्डावर ज्यांची सही आहे त्यांना फोन करून विचारा. पिल्लाची आई बघायला मागा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडूच नये. आणि दोन डोस खरे असले तरी काम संपत नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी डोस देत 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत जावं लागतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

हा विषाणू घरात, अंगणात वर्षभरही तग धरतो. पिल्लाचं अंथरूण मी जाळलं, फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसली. शेजारच्यांना त्यांचं लहान पिल्लू आमच्याकडे आणू नका म्हणून सांगितलंय.

त्याच वेतातली आणखी तीन पिल्लं त्या माणसाकडे होती. अशाच दोन सारख्या स्टिकरांचं कार्ड तुमच्याकडे असेल, तर पिल्लू खेळतंय म्हणून थांबू नका, आजच दवाखान्यात न्या.