प्लांटेड टँकमध्ये बुडवलेली कुंडीतली रोपं

प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत रोपं लावलेली माशांची टाकी, बसवून देणाऱ्या एका माणसाने मला टाकी, माती, दगड, रोपं, मासे आणि वर्षभराची देखभाल असं सगळं एकत्र विकलं. पैसे आगाऊ. करारात एक साधी ओळ होती: 'मेलेली रोपं बदलून दिल्यास त्यांचे पैसे वेगळे.' तेव्हा ती ओळ वाजवीच वाटली होती, कुणालाही वाटेल. पण त्याचा सगळा धंदा त्या एका ओळीवर चालतो, कारण त्याने लावलेल्या रोपांपैकी निम्मी तरी पाण्याखाली जगणारी नव्हतीच.

पहिल्या दिवशी टाकी देखणी दिसत होती, हे मान्य करायला हवं. मागे उंच, पांढऱ्या काठाची पानं. मधे जांभळट, चुण्या पडलेल्या पानांची झुडपं. पुढे हिरव्या छत्र्यांसारखं काहीतरी आणि गवताचे आखूड झुबके. थोड्याच आठवड्यांत जांभळी पानं कडेने काळी पडायला लागली आणि छत्र्या पिवळट होऊन गळायला लागल्या. विचारलं की उत्तर ठरलेलं: "ताई, मेल्ट होतंय. नवीन टाकीत होतंच. हे घ्या, दुसरी लावून देतो."

त्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट होती, म्हणूनच ते पटायचं. पाणवनस्पतीही टाकीत लावल्यावर 'मेल्ट' होतात. नर्सरीत त्या बऱ्याचदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्यात गेल्यावर हवेतली जुनी पानं कुजतात आणि पाण्याखाली जगू शकतील अशी नवी पानं फुटतात. क्रिप्टोकोराईन तर यासाठी प्रसिद्धच आहे. नुसती जागा बदलली तरी सगळी पानं टाकून देते आणि पुढे मुळापासून पुन्हा उभी राहते. म्हणजे मेल्ट होणाऱ्या रोपाला नवं पान येतं, निदान खोड किंवा मूळ तरी घट्ट आणि जिवंत राहतं. माझ्या टाकीत नवं पान येतच नव्हतं. यायचं ते नवं रोप आणि त्याचं बिल.

बिंग फोडलं ते माझ्या आत्याने. तिला मासे-टाकीतलं काही कळत नाही, पण कुंड्यांतलं सगळं कळतं. काचेला नाक लावून म्हणाली, "अगं, हे गवत तर मी बागेच्या कडेला लावते. हे पाण्यात कशाला बुडवलंयस?" मग मागच्या पांढऱ्या काठाच्या पानांकडे बोट दाखवून, "आणि हा तर लकी बांबूच!" तिच्यासमोरच एक झुबका उपटला. पानं वरून हिरवीगार, पण मातीत गेलेला भाग तपकिरी आणि बुळबुळीत. बोटांत धरताच मुळांची साल हातात आली आणि सडक्या अंड्याचा वास सुटला. आत्या नाक दाबून मागे सरली.

पुढे एकेक रोप ओळखून काढलं. गवत म्हणजे मोंडो ग्रास, शास्त्रीय नाव ओफियोपोगॉन. लकी बांबू म्हणजे ड्रॅसेना सॅन्डेरियाना. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असतील तर तो मजेत वाढतो, पण सबंध बुडवला की हळूहळू मरतो. जांभळी पानं हेमिग्राफिसची, छत्र्या सेलाजिनेलाच्या. याच पंक्तीत स्पॅथिफायलम, सिंगोनियम, फिटोनिया, कॉर्डिलाईन आणि स्पायडर प्लांट म्हणजे क्लोरोफायटम हेही येतात. ही सगळी जमिनीवरची रोपं. यातल्या बऱ्याच रोपांची पानं जाड आणि मेणचट असल्यामुळे ती पाण्यात लगेच मान टाकत नाहीत, काही तर महिनोन् महिने हिरवी दिसतात. फसवणाऱ्याला तेवढी मुदत पुरते.

नुसती रोपं मरून भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. कुजणाऱ्या पानामुळातून माशांना विषारी असा अमोनिया सुटतो. रुळलेल्या टाकीत फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट करतात, पण ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. या गृहस्थाने मासे पहिल्याच संध्याकाळी सोडले होते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तेव्हा त्याने बिनलेबलची एक बाटली दिली, 'चांगले बॅक्टेरिया' म्हणून. बाटलीतले जिवाणू हा प्रकार सरसकट खोटा नाही. पण कोणते जिवाणू, कधी भरले, कसे साठवले यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ते वासाचं पाणी समजावं. मी अमोनियाचं टेस्ट किट आणलं. पिवळा राहायला हवा होता तो रंग गडद हिरवा झाला, म्हणजे पाण्यात अमोनिया भरपूर.

त्यात दगडांनी भर घातली. 'खास अ‍ॅक्वास्केपिंगचे' म्हणून (म्हणजे टाकीच्या आतल्या सजावटीचे) दिलेल्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकले, तर बारीक बुडबुडे येऊन फसफसलं. म्हणजे चुनखडी. ती पाण्यात विरघळत राहते, पाणी जड होतं, पीएच चढतो, आणि पीएच जितका चढा तितका तोच अमोनिया माशांना जास्त विषारी. खऱ्या अ‍ॅक्वासॉइलचा धर्म याच्या उलट असतो. ती भाजलेल्या मातीची गुळी असते, पीएच थोडा खाली आणते आणि चिमटीत जोर दिला की चुरते. माझ्याकडची काळी 'सॉइल' दाताखाली धरली असती तर दातच पडला असता. रंगवलेली खडी होती ती. तिच्यात मुळांना खायला काय मिळणार?

कार्पेटच्या, म्हणजे टाकीच्या तळावर पसरणाऱ्या हिरवळीच्या, बियांचं पाकीट तर बक्षीस म्हणून दिलं होतं. ओल्या मातीवर टाका, आठवड्यात हिरवळ. हिरवळ खरंच येते, फोटोही झकास येतो, पण पाणी भरल्यावर ती लांबट होऊन सडते. मॉन्टे कार्लो, हेअरग्रास, ग्लॉसोस्टिग्मा ही खरी कार्पेटची रोपं टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) कपात किंवा छोट्या कुंडीत मिळतात. पाकिटातल्या बियांना त्यांची नावं देऊन कुणी विकत असेल तर पाकीट परत करा.

रोप पाण्यातलं की जमिनीवरचं हे ओळखायला एक पान पाण्याबाहेर काढून बघायची युक्ती कामाची आहे, पण अर्धीच. पाण्याखाली वाढलेलं पान बाहेर काढलं की बहुतेक वेळा लोळागोळा होतं, कारण त्याला स्वतःचा भार पेलायची सवय नसते. जमिनीवरच्या रोपाचं पान ताठ राहतं आणि बुडवलं की त्यावर हवेचा चंदेरी पापुद्रा चमकतो. मात्र हवेत वाढवलेली अस्सल पाणवनस्पतीही ताठच असते. अनुबियास या पाणवनस्पतीचं पान तर पाण्यात वाढूनही कडक. त्यामुळे नुसत्या ताठपणावरून कुणाला चोर ठरवू नका. शेवटी भरवसा नावाचाच. बिलावर प्रत्येक रोपाचं शास्त्रीय नाव लिहून मागा. 'रेड प्लांट', 'ग्रीन फर्न', 'मिक्स बंच' असल्या नोंदी चालवून घेऊ नका. मी लिहून मागितलं तेव्हा त्याचा पेन नेमका चालेनासा झाला.

त्याच्याशी बोलणं झालं ते फोनवर. आधी मेल्ट, मग तुमचं पाणी खराब, मग तुम्ही लाईट जास्त वेळ ठेवता. बिलं, किटच्या रंगाचे फोटो आणि उपटलेल्या मुळांचे फोटो पाठवल्यावर सूर बदलला: "शोभेचीच रोपं होती ना ताई, शोभा तर आली!" उरलेल्या महिन्यांचे देखभालीचे पैसे त्याने कटकट करत परत केले. रोपांचे, दगडांचे आणि मेलेल्या माशांचे एक पैसाही नाही. अनुबियास तेवढं अस्सल निघालं, पण त्याचं आडवं खोड त्याने खडीत पुरून ठेवलं होतं, ते कुजत आलं होतं. कापून जिवंत तुकडा लाकडाला दोऱ्याने बांधलाय. जावा फर्नचंही तसंच, खोड कधी पुरायचं नाही.

हा माणूस आता वेगळ्या नावाने जाहिरात करतो. ओळखायला सोपं आहे. फोटोतल्या टाकीत पुढे हिरव्या छत्र्या, मधे जांभळी चुणीदार पानं आणि मागे पांढऱ्या काठाचा लकी बांबू दिसतो. पाणी इतकं नितळ की टाकी त्याच दिवशी भरलेली असणार. दोन महिन्यांनंतरचा त्याच टाकीचा फोटो मागा. मी मागितला होता, दुसऱ्या नंबरवरून. त्याने ब्लॉक केलं.