कुत्र्याचा गुडघा: दोरा की प्लेट?

क्रूसिएट लिगामेंट (गुडघ्याची हाडं जागेवर धरणारा सांध्यातला बंध) तुटलंय, डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं सुचवलीत.

दोऱ्याचं स्वस्त. सांध्याबाहेरून जाड नायलॉन ताणून बांधतात. तो पुढे सैल पडतो, तुटतोही. तोवर भोवती घट्ट तंतुमय ऊती तयार व्हायला हव्यात. तीस किलोचं धसमुसळं कुत्रं तेवढी सवड देत नाही.

प्लेटचं ऑपरेशन म्हणजे टीपीएलओ. यात नडगीचं हाड वरून गोलाकार कापून फिरवतात, हाडाच्या माथ्याचा उतार सुमारे ५ अंशांवर आणतात, प्लेट-स्क्रूने बसवतात. हाड जुळायला ८ ते १२ आठवडे. सर्जन मुंबईत असेल तर नाशिकहून कसारा घाट उतरून एक्स-रेच्या फेऱ्याही खर्चात धरा.

दोन्हींत पट्ट्याशिवाय फिरवणं बंद, गुळगुळीत फरशीवर सतरंजी.

पंधरा किलोच्या आतलं पॉमेरेनियन, बजेट बेताचं: दोरा. लॅब्रॅडॉरला टीपीएलओच.