‘लडाख रेडी’ जिप्सी: रंगाखाली काय निघालं

मारुतीने जिप्सी बंद केल्यापासून चांगल्या जुन्या जिप्सीला भाव आला, आणि ‘जुनी गाडी आणा, लडाखला जायला तयार करून नेतो’ म्हणणारी गॅरेजेसही वाढली. त्यातली काही खरोखर जीव ओतून काम करतात. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या गॅरेजबद्दल आहे. एका गाडीमालकाने 2004 ची हार्डटॉप जिप्सी किंग अशाच एका गॅरेजला दिली. ‘फुल रिस्टोरेशन, लडाख रेडी’ असं साडेपाच लाखांचं पॅकेज ठरलं आणि निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ गेली. कागद म्हणून मिळालं ते एक पान, त्यावर ‘इंजिन काम, बॉडी काम, सस्पेन्शन, रंग, अ‍ॅक्सेसरीज’ एवढंच. गाडी परत आली तेव्हा दिसायला देखणी होती. पहिल्याच लांबच्या फेरीत स्टिअरिंग थरथरायला लागलं, तापमानाचा काटा तळातून हलेना आणि अ‍ॅव्हरेज सातवर आलं. त्यानंतर ती पूर्ण उघडली गेली. उघडताना जे एकेक निघालं ते इथे मांडतो आहोत, कारण ह्या युक्त्या ठरलेल्या आहेत आणि पुढच्या गाडीतही ह्याच सापडणार.

सुरुवात चासीपासून. जिप्सीची चासी मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे पाटे चासीला जिथे टांगलेले असतात तिथे, आणि पुढच्या चाकांच्या मागे, जिथे चिखल साठून राहतो, तिथे आधी गंजते. ह्या गाडीच्या खालून सगळीकडे काळं अंडरकोटिंग जाड मारलेलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरने दाबलं तर डाव्या हँगरपाशी टोक आत गेलं. कोटिंग खरवडल्यावर दिसलं, की गंजलेला पत्रा कापून काढलेलाच नाही. त्याच्यावरच नवीन पट्टी ठेवून चार ठिकाणी टाके मारले आहेत. अशा दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि गंज आतून आणखी वेगाने चालतो. फ्लोअरचंही तेच: गंजाच्या भोकांवर फायबरची जाळी, वर पुट्टी, वर रंग, वर गालिचा.

हे ओळखायला महागडं काही लागत नाही. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक पत्र्यावरून फिरवा; पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड असेल तिथे ते धरतच नाही. चासीवर लहान हातोडीने हलके ठोके द्या. घट्ट पोलाद टणकारतं, कुजलेलं बद्द वाजतं. आणि विकत घ्यायच्या किंवा कामाला दिलेल्या गाडीला ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं, तर ते कशावर मारलंय हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नीट काम करणारा माणूस गंज कापतो, तेवढ्याच जाडीचा पत्रा बट वेल्ड करतो (एकावर एक न ठेवता कडेला कड जोडतो), प्राइमर मारतो आणि कोटिंग करायच्या आधी तुम्हाला बोलावून दाखवतो.

आता स्टिअरिंगची थरथर. जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला बंद गोळ्याचा नकल (चाक वळवणारा सांधा) असतो आणि तो वर-खाली किंगपिनच्या (उभ्या खिळीच्या) बेअरिंगवर फिरतो. ही बेअरिंगं झिजली, की ताशी 50-60 च्या आसपास एखाद्या खड्ड्यावरून जाताना पुढची चाकं डावी-उजवी फडफडायला लागतात. खरा उपाय म्हणजे नकल उतरवून बेअरिंगं आणि सील बदलणं, आणि किंगपिनखालच्या शिमांनी (पातळ चकत्यांनी) ताण मॅन्युअलप्रमाणे बसवणं. दोन्ही बाजूंना मिळून हे दिवसभराचं काम. गॅरेजने त्याऐवजी नवा कोरा, रंगीत स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा) लावला आणि बिलात ‘हेवी ड्यूटी अपग्रेड’ म्हणून पैसे घेतले. डँपर काही महिने थरथर दाबून ठेवतो, तेवढ्यात झीज वाढत राहते. नकलच्या गोळ्यावर ओघळलेलं काळं ग्रीस पुसून त्यावर रंगाचा फवारा मारलेला होता. तो रंग बोटाने सुटत होता. तपासायचं असेल तर डँपर सोडवून गाडी चालवून बघा. चाक जॅकवर घेऊन घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा: खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

तापमानाचा काटा तळाला होता, कारण थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकलेला होता. ही आपल्याकडची फार जुनी चलाखी. रेडिएटर अर्धा चोंदलेला असतो, तो साफ करण्यापेक्षा थर्मोस्टॅट काढला की शहरात गाडी तापत नाही आणि गिऱ्हाईक खूश. पण एमपीएफआय (कॉम्प्युटरने इंधन सोडणाऱ्या) इंजिनात कूलंटचा सेन्सर कॉम्प्युटरला सतत ‘इंजिन थंड आहे’ असं सांगत राहतो, त्यामुळे पेट्रोल जास्त जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. लडाखच्या सकाळच्या थंडीत तर असं इंजिन गरमच होणार नाही, आणि दुपारी चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना तोच चोंदलेला रेडिएटर उघडा पडेल. तपासणी सोपी आहे. थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा (पंख्यापासून लांब). पाइप बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर आत थर्मोस्टॅट नाही, किंवा तो उघडा अडकलाय.

इंजिनाचा प्रकार सगळ्यात संतापजनक. ‘बोअर करून (म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करून) नवे पिस्टन टाकले’ असं सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर उघडलेल्या इंजिनाचे फोटो पाठवले होते. त्या फोटोतल्या हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) प्रत्येक सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व होते. 2000 नंतरच्या एमपीएफआय जिप्सीचं इंजिन सोळा व्हॉल्वचं; आठ व्हॉल्वचं ते आधीच्या कार्बोरेटरच्या किंगचं. म्हणजे फोटो दुसऱ्याच गाडीचे. प्रत्यक्ष इंजिनात जुन्याच पिस्टनवर फक्त रिंगा बदललेल्या निघाल्या, आणि धूर दिसू नये म्हणून जाड ऑइल भरलेलं.

बोअर झालेल्या पिस्टनच्या डोक्यावर 0.25 किंवा 0.50 असा ओव्हरसाइज कोरलेला असतो. तो आकडा आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर एकाच सलग व्हिडिओत मागा. जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंग बुश परत घ्यायचं कामाआधीच लिहून ठेवा. गाडी ताब्यात घेताना कॉम्प्रेशन मोजा: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. नीट झालेल्या इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला 14 किलोच्या जवळपास आकडा मिळायला हवा; 12 च्या खाली नको आणि चार सिलिंडरांत एका किलोपेक्षा जास्त फरक नको. एखाद्यात कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटचा. गेज फार महाग नसतं, आणि ते घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाशी गॅरेजवाला वेगळ्याच सुरात बोलतो.

पण जी फसवणूक गाडीमालकाला कधीच कळली नसती, ती पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये होती. गाडीचा मूळ पुढचा अ‍ॅक्सल काढून भंगारातला, जुन्या जिप्सीचा अ‍ॅक्सल बसवलेला होता. रंग केल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मात्र आतल्या क्राउन-पिनियनचं (चाकांना फिरवणाऱ्या गिअरजोडीचं) गुणोत्तर मागच्या अ‍ॅक्सलशी जुळत नव्हतं. टू-व्हील ड्राइव्हमध्ये ह्याचं काहीही लक्षण दिसत नाही, कारण पुढचे गिअर नुसते मोकळे फिरतात. फोर-व्हील टाकला की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू बघतात. चिखलात ती थोडी घसरून निभावतात. टणक खडकाळ चढावर ताण साठत जातो, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लिव्हर अडकतो, आणि शेवटी प्रोपेलर शाफ्टचा (तिथून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस किंवा केसचे दात तुटतात. म्हणजे जिथे फोर-व्हीलची खरी गरज, तिथेच गाडी आडवी होणार.

हे अ‍ॅक्सल न उघडता मोजता येतं. मागचं एकच चाक जॅकवर उचला, बाकी चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजा. साध्या डिफरन्शियलमध्ये तोच आकडा म्हणजे अ‍ॅक्सलचं गुणोत्तर. आता पुढचं एक चाक उचला, ट्रान्सफर टू-एचवर (टू-व्हील ड्राइव्हवर) ठेवा, फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर लॉक करा, आणि तेच करा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. खुणेत थोडाही फरक वाटला तर चाकाचे वीस फेरे फिरवून पुन्हा मोजा, म्हणजे लहान फरकही लपणार नाही. जुना फोर बाय फोर घेताना ही चाचणी चुकवू नका, मग विकणारा ओळखीचा असो वा नसो.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरचं ऑइल पांढऱ्या कापडावर काढून बघा. आवाज दाबायला त्यात ग्रीस किंवा लाकडाचा भुसा घालतात.

अ‍ॅक्सेसरीजबद्दल थोडक्यात. स्नॉर्कल (पाण्यातून जाताना इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) बाहेरून बसवलेला होता, एअर फिल्टरच्या डब्याला पाइप जोडलेलाच नव्हता. पुढचे जादा दिवे रिले आणि फ्यूजशिवाय थेट मूळ स्विचवर. ‘नवे’ टायर काळ्या पॉलिशने चमकवलेले. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंकी आकडा असतो, 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा, तो स्वतः वाचा. भाराचं गणित तर कोणीच केलेलं नव्हतं. जिप्सीची क्षमता माणसांसकट साधारण 500 किलो. चार जण 280, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आणि लोखंडी बंपर सहज 90, रूफ रॅक 40, वीस लिटरचा भरलेला पेट्रोल कॅन 19, वीस लिटर पाणी 20. हत्यारं, तंबू, कपडे यायच्या आधीच 450 झाले. गॅरेजने ह्यावर तोडगा म्हणून मागे एक जादा पाटा टाकला, आणि तो सगळा मार त्याच गंजलेल्या हँगरवर गेला. पेट्रोलचा कॅन मात्र चैन नाही: मनालीहून लेहला जाताना तांदीचा पंप सुटला की पुढचा भरवशाचा पंप थेट लेहच्या अलीकडे, कारूला, तीनशेहून जास्त किलोमीटरवर. जिप्सीची टाकी 40 लिटरची. सातच्या अ‍ॅव्हरेजने ती 280 ला संपते.

गाडी आधी विकत घ्यायची असेल तर कागदांची फसवणूक याहून भारी पडते. भंगारातून जोडलेल्या जीपला दुसऱ्याच मेलेल्या गाडीचं आरसी लावलेलं असतं. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घ्या. आकडे वेडेवाकडे असतील, आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा किंवा वेल्डिंग असेल तर व्यवहार तिथेच सोडा. इंजिन नंबर आरसीशी जुळला पाहिजे. ‘इंजिन बदललंय, नोंद नंतर करू’ हे चालत नाही, आरटीओची नोंद आधी. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं फेरनोंदणीचं काम झालंय का, परराज्यातली असेल तर एनओसी हातात आहे का, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म 35 आहे का, हे टोकन देण्याआधी बघायचं. ‘लष्करात आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतो, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो सरळ ऑनलाइन चोर समजा. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

रिस्टोरेशन देताना एकरकमी पॅकेज घेऊ नका. ह्या गाडीतली प्रत्येक लबाडी कशाच्या तरी खाली झाकलेली होती: कोटिंगखाली, रंगाखाली, हेडखाली. म्हणून हप्ते झाकण्याआधीच्या टप्प्यांना बांधा. बॉडी उतरून चासी साफ झाली आणि तुम्ही बघितली की पहिला. वेल्डिंग झालं, कोटिंग अजून नाही, तेव्हा दुसरा. ब्लॉक मशीन शॉपमधून मापाच्या कागदासह आला की तिसरा. अ‍ॅक्सल-गिअरबॉक्सचे नवे भाग टेबलावर, खोके आणि बिलांसकट दिसले की चौथा. शेवटचे वीस टक्के 500 किलोमीटर चालवून, त्यात ओल्या मातीत फोर-एल (फोर-व्हीलचा हळू, जोरकस गिअर) लावून झाल्यावर. आणि ह्यापैकी काहीही बघायला गॅरेज नाही म्हणत असेल, तर गाडी त्याच दिवशी परत आणा.

फसवणूक झाल्यावर गाडी लगेच दुसऱ्या गॅरेजला दुरुस्त करायला टाकायची घाई नको. आधी प्रत्येक दोष आहे त्या जागी, नंबर दिसेल असा व्हिडिओत घ्या, आणि स्वतंत्र सर्व्हेअरचा किंवा इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. मग गॅरेजला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस. गॅरेजला दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होते, दोन वर्षांच्या आत, आणि वकील लावायची सक्ती नाही. आधी सल्ला हवा असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. अ‍ॅक्सल बदलून भंगारातला लावणं, दुसऱ्या गाडीचे फोटो दाखवून पैसे घेणं हा नुसता सेवेतला दोष नाही, त्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांत तक्रार देता येते.

ह्या गाडीमालकाकडे जीएसटीचं बिल नाही. त्याच्याकडे आहेत ते यूपीआयचे हप्ते, ते एक पान आणि आठ व्हॉल्वच्या हेडचे ते फोटो. फोटो मूळ फाइलसकट, तारखेसह, जपून ठेवले आहेत. आज त्याच्या तक्रारीत सर्वांत वजनदार पुरावा तोच आहे.