स्पीड बॅगचा घरगुती स्टँड: एका पावसाळ्यानंतरचे परीक्षण

रत्नागिरीत मिऱ्या किनाऱ्यालगतच्या आमच्या घराच्या पडवीत गेल्या वर्षी मे महिन्यात स्पीड बॅगचा एक लोखंडी स्टँड आला. स्पीड बॅग म्हणजे आडव्या फळीखाली टांगलेली, हवा भरलेली छोटी बॅग, बॉक्सर तिच्यावर झपाट्याने ठोसे मारून हाताचा वेग आणि ताल साधतात. माझी मुलगी १५ वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून बॉक्सिंग शिकते. पावसाळ्यात तिचे शहरातील सरावाला जाणे वारंवार चुकते, म्हणून घरी सोय व्हावी एवढाच हेतू होता. आमचे घर जुने, चिऱ्याचे आणि मातीच्या सांध्यांचे आहे. अशा भिंतीला बोल्ट मारून रोजचे धक्के द्यावेत असे मला वाटेना, म्हणून भिंतीवरचा सांगाडा न घेता जमिनीवर उभा राहणारा स्टँड ऑनलाइन मागवला. बॅग, स्विव्हल (बॅग फळीखाली ज्यावर सर्व दिशांना फिरते ती कडी) आणि वरची गोल फळी धरून त्याचे ९,४०० रुपये पडले. या किमतीत मला पाहायला मिळालेले बाकीचे स्टँडही साधारण याच घडणीचे होते, त्यामुळे पुढील निरीक्षणे इतरांनाही उपयोगी पडतील असे वाटते.

पहिल्याच दिवशी स्टँड डोलू लागला. मुलीने सलग दहा-बारा ठोसे मारले की वरची फळी पुढेमागे हलायची, खालचा पाया कोब्यावर इंचाइंचाने सरकायचा आणि बॅग भलत्याच दिशेने परत यायची. मी विक्रेत्याला कळवले, तेव्हा सर्व बोल्ट घट्ट करून पाहावेत असे उत्तर आले. बोल्ट घट्टच होते.

हा दोष केवळ दिसण्याचा किंवा आवाजाचा आहे असे कोणी समजू नये. स्पीड बॅगच्या सरावात एका ठोशानंतर बॅग फळीवर तीन वेळा आदळते, आधी पलीकडे, मग आपल्या बाजूला, पुन्हा पलीकडे, आणि त्यानंतर पुढचा ठोसा बसतो. सेकंदाला दोन ठोसे धरले तर फळीवर सेकंदाला सहा आघात होतात. फळी जागची हलत असेल, तर प्रत्येक आघातातील काही जोर ती स्वतःच गिळते, बॅग उशिरा आणि तिरकी परतते, आणि मारणाऱ्याचा हात त्या चुकीच्या वेळेला सरावतो. माझ्या मुलीला तिच्या प्रशिक्षकांनी डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवायला शिकवले आहे. घरच्या स्टँडवर मात्र ते तीन ठोके कधी सारखे ऐकूच येत नव्हते. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करून पाहिले, तर फळीची कड मागच्या खांबाच्या रेषेपासून जवळजवळ दोन बोटे पुढे येऊन परत जात असल्याचे स्पष्ट दिसले.

पहिला उपाय मी सर्वांना सुचतो तोच केला, म्हणजे पायावर वजन ठेवले. किनाऱ्यावरची वाळू गोणीत भरून आणली आणि येथे माझी चूक झाली. खाऱ्या वाळूला सुटलेल्या ओलीने पायाचा रंग फुगला आणि आषाढ संपण्यापूर्वी पोपडे निघून खालचे लोखंड गंजू लागले. वाळू काढून टाकली, पाया घासला, रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात दिले आणि गोण्यांच्या जागी चार चिरे ठेवले. एकेक चिरा वजनकाट्यावर तीस किलोंच्या आसपास भरला, त्यामुळे पायावर एकूण १२० किलोंच्या जवळपास भार आला. स्टँड सरकायचा थांबला, परंतु डोलणे तसेच राहिले. वजन खाली ठेवले की पाया जागेवर बसतो, पण त्याने वरचा खांब वाकायचा राहत नाही, हा भेद मला तेव्हा उमगला.

दुसरी चूक अधिक महाग पडली. मूळची फळी दाबलेल्या भुशाची, जेमतेम १६ मिलिमीटर जाडीची होती आणि पावसाळी हवेने तिची कड पावासारखी फुगली होती. तिच्या जागी मी मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडच्या, १९ मिलिमीटरच्या दोन गोल चकत्या एकमेकींना चिकटवून, स्क्रूने आवळून, २४ इंच व्यासाची ३८ मिलिमीटर जाड फळी करून घेतली. तिचे वजन सात किलोंच्या घरात गेले. फळी म्हणून ती उत्तम आहे, तिच्यावर बॅग आदळल्याचा आवाजही भरीव येतो. पण लवचीक खांबाच्या टोकावर जड वस्तू बसवली की झोका संथ होतो आणि थांबायला अधिक वेळ घेतो, तसेच झाले. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, आता तर बोटीत उभं राहिल्यासारखं वाटतं.’’ फळी बदलायचीच असेल तर ती शेवटी बदलावी.

मग स्टँड टेम्पोत घालून मिरजोळे एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या दुकानी नेला. तिथल्या मिस्त्रींनी त्याला हात लावला, वरचे टोक एकदा हलवले आणि खांबाच्या मधोमध बोट ठेवले. उंची कमीजास्त करता यावी म्हणून हा खांब दोन चौकोनी पाइपांचा आहे, एक दुसऱ्यात शिरतो आणि आरपार पिन घालून अडकवला जातो. दोन्ही पाइपांमध्ये कागदाची घडी सहज जाईल एवढी फट होती. खाली एवढीशी फट असली की चार फुटांवरच्या फळीपाशी तिचे दोन बोटे होणारच. मिस्त्रींनी बाहेरच्या पाइपाच्या एकमेकींलगतच्या दोन बाजूंना भोके पाडली, त्यांवर नट वेल्ड केले आणि त्यांतून बोल्ट आवळले. दोन दिशांनी दाब आल्याने आतला पाइप समोरच्या कोपऱ्यात घट्ट जाऊन बसतो. बोल्ट एकाच बाजूला लावले तर तो दुसऱ्या दिशेने हलतच राहतो. या कामाचे साडेतीनशे रुपये झाले आणि संपूर्ण दुरुस्तीत सर्वांत मोठा फरक मला याच कामाने पडलेला दिसला.

उरलेले डोलणे खांबाच्या वाकण्याचे होते. त्यावर मिस्त्री सहज म्हणाले, ‘‘मांडवाची मेढ तुम्ही नुसती पुरून ठेवता काय? टेकू देताच ना?’’ फळीच्या मागच्या कडेपासून पायाच्या मागील दोन कोपऱ्यांपर्यंत दीड इंची चौकोनी पाइपाचे दोन तिरके टेकू दिले. मी आधी एकच पुरेल असे म्हणत होतो. पण एक टेकू पुढेमागे होणारे हलणेच थांबवतो. बॅग तिरकी लागली की आडवा झोका येतो, त्यासाठी दोन टेकू खाली फाकलेलेच हवेत. टेकू वेल्ड न करता बोल्टने जोडले आणि त्यांना दोन-दोन इंचांवर भोके ठेवली, म्हणजे उंची बदलता येते. बॅगचा सर्वांत फुगीर भाग मारणाऱ्याच्या हनुवटीच्या पातळीत यावा लागतो. धाकटा मुलगाही आता सराव करू लागल्यामुळे ही सोय आवश्यक होती.

फळी धरणारा पुढचा हातही आम्ही ५० सेंटिमीटरवरून ४० वर आणला. ज्यांना हिशेबात रस आहे त्यांच्यासाठी सांगतो, एका बाजूला अडकवलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे लांबी एक पंचमांशाने घटवली की तेवढ्याच जोराने होणारे वाकणे जवळजवळ निम्मे होते. मात्र हात याहून आखूड करू नये, नाहीतर मारणाऱ्याची पावले पायाच्या पाइपांना अडतात. नवा स्टँड घेणाऱ्यांनी पाइपाची जाडी विचारावी, पण त्याआधी रुंदी विचारावी. पत्र्याची जाडी तेवढीच ठेवून चौकोनी पाइपाची बाजू दुप्पट केली तर ताठपणा सुमारे आठपट होतो.

किरकोळ गोष्टींपैकी दोनच सांगतो. स्विव्हलचे लाकडी स्क्रू धक्क्यांनी आठवड्यात ढिले होत, म्हणून ते काढून आरपार बोल्ट आणि धक्क्यांनी ढिले न होणारे नायलॉक नट घातले. पायाखाली आवाज कमी करण्यासाठी मी आधी मऊ रबराची जाड गादी घातली होती, तिने स्टँड पुन्हा डुलू लागला. आता जुन्या कन्व्हेयर बेल्टचे कडक तुकडे चारही कोपऱ्यांखाली आहेत, आणि कोबा जिथे खोलगट आहे तिथे पत्र्याची पातळ चकती सरकवली आहे, कारण चारपैकी एक कोपरा जरी अधांतरी राहिला तरी वरची सगळी मेहनत वाया जाते.

सोबत आलेल्या बॅगविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ती मोठ्या आकाराची आणि जड होती. अशी बॅग नवशिक्याला सोपी जाते हे खरे, कारण ती संथ चालते, पण हलक्या स्टँडला तिचा आघात फार जड जातो. आम्ही ६ × ९ इंची बॅग लावली. तिच्यात हवा बेताची ठेवतो, अंगठ्याने दाबल्यास थोडी दबेल इतकीच.

मूळ अवस्थेत या स्टँडला मी पाचपैकी दोन गुण देईन, आणि तेही लोखंड सरळ व वेल्डिंग बरे आहे म्हणून. दुरुस्तीवर फळीसह ३,९०० रुपये गेले, टेम्पोचे भाडे वेगळे. चार गुणांचा स्टँड त्यानंतर हाती आला. ज्यांच्या घराला काँक्रीटचा खांब किंवा पक्की तुळई आहे त्यांनी हा खर्च करू नये, थेट तिथेच फळी बसवून घ्यावी. माझ्यासारखे चिऱ्याच्या जुन्या घरात राहणारे असतील त्यांनी साधा स्टँड घेतल्या दिवशीच फॅब्रिकेशनवाल्याकडे न्यावा आणि फटीचे काम प्रथम करून घ्यावे.

एक उणीव अजून राहिली आहे. टेकू आणि चिरे आल्यापासून स्टँड उचलून आत नेता येत नाही, आणि नैर्ऋत्येचा पाऊस वाऱ्याबरोबर थेट पडवीत येतो. म्हणून या वर्षी मृगाआधी पाइपांच्या उघड्या तोंडांना प्लॅस्टिकची टोपणे लावली, बोल्टांना ग्रीस दिले आणि सराव संपला की फळीवर ताडपत्री टाकतो. परवा फळीच्या कडेवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवून मुलीला दोन मिनिटे मारायला सांगितले. वाटीत तरंग उठले, दोन-चार थेंब सांडले, पण वाटी जागची हलली नाही, आणि ते तीन ठोके मला माजघरातूनही मोजता आले.